दाखवायचे दात, खायचे दात: स्माइल मेकओव्हर की फुल माउथ रिहॅबिलिटेशन?

दोन्हींत कॅप बसू शकतात, दोन्हींनंतर माणूस आरशासमोर जरा जास्त वेळ थांबतो आणि जाहिरातींत ही दोन नावं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरली जातात. कामं मात्र वेगळी आहेत.

स्माइल मेकओव्हर म्हणजे हसताना दिसणाऱ्या, सहसा वरच्या ६ ते १० दातांची डागडुजी. रंग उजळायचा, उडालेला कोपरा भरायचा किंवा पुढून व्हिनिअर, म्हणजे दातासारखा दिसणारा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, चिकटवायचा. चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, शाबूत आहे, हे त्यात गृहीतच असतं.

फुल माउथ रिहॅबिलिटेशनमध्ये मुळात तोच बिघडलेला असतो. दाढा काढल्या आणि त्या जागी वर्षानुवर्षं काहीच बसवलं नाही; झोपेत दात खाऊन किंवा पोटातलं आम्ल वारंवार तोंडात येऊन दात झिजले. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ तिथे उतरते. मागे आधार उरला नाही की चावण्याचा भार पुढच्या दातांवर येतो. ते तुटतात, नाहीतर पुढे सरकतात आणि त्यांच्यात फटी पडतात.

घोळ होतो तो इथेच. माणूस तक्रार घेऊन येतो फटीची: “तेवढी बुजवून द्या.” मागच्या दाढांकडे न बघता कुणी ती बुजवलीच, तर तोच भार व्हिनिअरवर येतो आणि ते निघतं किंवा तडकतं. दोष मग व्हिनिअरच्या माथी!

म्हणून रिहॅबिलिटेशनची सुरुवात दिसण्यापासून होत नाही. आधी हिरड्या, रूट कॅनॉल, न वाचणारे दात काढणं. मापं घेऊन साचे जबड्यासारखी हालचाल करणाऱ्या आर्टिक्युलेटरवर चढवतात आणि नवे दात मेणात घडवून पाहतात. सगळ्यात नाजूक प्रश्न उंचीचा. आपण निवांत असताना वरचे-खालचे दात टेकलेले नसतात. मध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर जागा असते. कॅप उंच झाल्या आणि ती जागाच गेली, तर बोलताना दात आपटतात, जबडा दुखायला लागतो. त्यामुळे नव्या उंचीच्या तात्पुरत्या कॅप आधी काही आठवडे वापरायला देतात आणि रुळल्या की मगच कायमच्या करतात. इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्यात बसवलेला स्क्रू, असेल तर तो हाडात पक्का व्हायला आणखी ३ ते ६ महिने. “आठवड्यात फुल माउथ” असं कुणी म्हणालं, तर तात्पुरत्या कॅप किती दिवस ठेवणार हे मी तरी आधी विचारेन.

पुढच्या कॅपचा रंग-आकार रिहॅबिलिटेशनमध्ये ठरवावाच लागतो, म्हणजे मेकओव्हर त्यात ओघाने येतो. मेकओव्हरने मात्र चावा सुधारत नाही. आणि झोपेत दात खायची सवय यांपैकी कशानेच जात नाही; अशांना काम झाल्यावरही रात्री दातांवर नाइट गार्ड, म्हणजे दात एकमेकांवर घासू न देणारं आवरण, लावूनच झोपावं लागतं.