बॉटने हाक कधी मारायची?

ग्रुप मोठा झाला की अ‍ॅडमिन मंडळी बॉटच्या, म्हणजे मेसेज आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामच्या, शोधाला लागतात. शिवीगाळ, फसव्या लिंक, एकाच जाहिरातीचा भडिमार यातलं काही दिसलं की बॉटने मॉडरेटरांना, म्हणजे ग्रुपवर लक्ष ठेवणाऱ्यांना, कळवावं, एवढीच अपेक्षा असते. मग कोणीतरी नको असलेल्या शब्दांची लांबलचक यादी भरतं आणि पहिल्याच दिवशी फोन खणखणायला लागतो. थोड्या दिवसांनी पाहावं तर अलर्टचं चॅनेल बहुतेकांनी म्यूट करून टाकलेलं असतं. अलर्ट येतच राहतात, पण बघणारं कोणी उरत नाही.

याचं खापर मॉडरेटरांच्या आळसावर फोडलं जातं, ते काही बरोबर नाही. असं होणार हे बॉट बसवण्याआधीच कागदावर मांडून कळतं.

समजा, ग्रुपवर दिवसाला १०,००० मेसेज येतात आणि त्यातले खरोखर आक्षेपार्ह असतात १०. आपला फिल्टर चांगला आहे: आक्षेपार्ह मेसेजपैकी ९० टक्के तो पकडतो आणि साध्या मेसेजवर चुकून बोट ठेवण्याचं प्रमाण अवघं १ टक्का आहे. आता हिशोब करू. १० पैकी ९ सापडले. उरलेल्या ९,९९० साध्या मेसेजचा १ टक्का म्हणजे जवळपास १००. दिवसाकाठी १०९ अलर्ट आणि त्यात खरे ९, म्हणजे बारा अलर्ट उघडावे तेव्हा एखादा कामाचा निघतो. फिल्टर बिघडलेला नाही. तो जे शोधतोय तेच मुळात दुर्मीळ आहे. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र इथे हेच उत्तर देतं.

या आकड्यांशी जरा खेळून पाहिलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पकडण्याचं प्रमाण ९० वरून ९९ टक्क्यांवर नेलं तरी अलर्टचा ढिगारा जवळपास तेवढाच राहतो. उलट चुकीने बोट ठेवण्याचं प्रमाण १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आणलं, तर खोटे अलर्ट १०० वरून १० वर येतात आणि जवळजवळ दर दुसरा अलर्ट खरा निघतो. एखादा वाईट मेसेज सुटला की लगेच यादीत चार शब्द वाढवायचे, ही आपली सवय म्हणूनच उलटी पडते. प्रत्येक नवा शब्द एखादा गुन्हेगार पकडतो आणि दहा निरपराध सोबत आणतो.

मग बॉट नको, माणसांनीच सगळं वाचावं, असं म्हणावं तर तिथेही अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या माणसांच्या नजरेतून खुणा का सुटतात, हे शोधताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ तयार केलं होतं. त्याचा काटा एकेक पाऊल पुढे सरके आणि मधूनच कधीतरी एकदम दुप्पट उडी घेई. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. बैठक दोन तासांची. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच सुटणाऱ्या उड्यांचं प्रमाण वाढत होतं. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर सतत पाळत ठेवणं माणसाला जमत नाही, मग तो कितीही कर्तव्यदक्ष असो.

अलर्टचा पूर आला की काय होतं, याचा सगळ्यात गाजलेला दाखला अणुऊर्जेतला आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड प्रकल्पात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभराहून जास्त अलार्म वाजले. बिनमहत्त्वाचे अलार्म दाबून ठेवायची सोयच तिथे नव्हती, हे चौकशी आयोगाने नमूद केलं. पुढे रासायनिक आणि ऊर्जा उद्योगांत अलार्म किती असावेत याचे दंडक आले. ब्रिटनमधल्या ‘इमुआ’ या संघटनेची १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका एका माणसासाठी सरासरी दर दहा मिनिटांना जास्तीत जास्त एक अलार्म धरते. आणि हा माणूस पगारी, फक्त त्याच कामासाठी पडद्यासमोर बसलेला! स्वतःची नोकरी सांभाळून फुकटात ग्रुप बघणाऱ्या मॉडरेटरला याच्या कितीतरी कमी झेपणार.

तेव्हा मोजमाप उलट्या टोकाने सुरू करावं, असं माझं मत. आपल्याकडची माणसं दिवसाला किती अलर्ट नीट वाचू शकतील हे आधी ठरवायचं, समजा १५. आणि मग नियम इतके कडक करायचे की रोज साधारण तेवढेच अलर्ट बाहेर पडतील. बाकीचं लॉगमध्ये, म्हणजे बॉटच्या नोंदवहीत, जाऊ दे, फुरसतीने बघता येतं. नवा नियम आला की आठवडाभर त्याला गप्प ठेवून नुसता मोजायला लावायचा. तो दिवसाला किती वेळा हाक मारणार आहे, हे कोणाची झोप न मोडता कळतं.

शब्द पकडण्याचं काम वाटतं त्याहून बरंच किचकट आहे. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या रहिवाशांना १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली आहे. यावर रूढ उपाय म्हणजे शब्दाचा तुकडा न जुळवता पूर्ण शब्दच जुळवायचा. प्रोग्रामर त्यासाठी ‘शब्दसीमा’ दाखवणारी खूण वापरतात. इंग्रजीत ती चोख चालते. देवनागरीत मात्र तिची पार भंबेरी उडते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेजेक्स (मजकुरात शब्द शोधण्याच्या) मॉड्यूलमध्ये क, प, स ही अक्षरं ‘अक्षर’ म्हणून धरली जातात. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार धरले जात नाहीत. आता ‘पैसे’ हा शब्द दोन्ही बाजूंना शब्दसीमा लावून शोधायला सांगा. ‘पैसे’ संपतो मात्रेवर आणि त्यापुढे मोकळी जागा. प्रोग्रामच्या लेखी दोन्ही ‘अक्षर नसलेल्या’ गोष्टी, म्हणून त्यांच्यामध्ये सीमा नाही आणि शब्द सापडत नाही. गंमत म्हणजे ‘पैसेवाला’ मात्र सापडतो, कारण तिथे मात्रेनंतर ‘व’ येतो आणि प्रोग्रामला तिथे सीमा दिसते. ‘कर्ज’ शोधायला सांगितलं तर ‘कर्जाचा’मधलं कर्ज पकडलं जातं, ‘कर्जमाफी’तलं नाही. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतली तीच खूण तर देवनागरी अक्षराला मुळी अक्षरच मानत नाही. असा नियम कधीच चूक दाखवत नाही, नुसता गप्प बसतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. यातून सुटायचं तर शब्दाची हद्द मोकळी जागा आणि विरामचिन्हं पाहून स्वतःच ठरवायची, आणि चाचणी मराठी वाक्यांवरच घ्यायची.

दुसरी खोडी न दिसणाऱ्या चिन्हांची. शून्य रुंदीची जोडचिन्हं शब्दाच्या मध्ये पेरली की डोळ्यांना शब्द तोच दिसतो, फिल्टरला मात्र वेगळा वाटतो. म्हणून बहुतेक फिल्टर अशी चिन्हं सरसकट पुसून टाकतात. पण मराठीत हे चिन्ह प्रामाणिक कामही करतं. डोंगरातल्या ‘दऱ्या’ लिहिताना लागणारा तो आडवा अर्धा र काही कीबोर्ड याच चिन्हाच्या मदतीने उमटवतात. चिन्ह पुसलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, दरीचा थेट समुद्र. तेव्हा तुलना करायची ती मेसेजच्या साफ केलेल्या प्रतीशी. शब्दयादीलाही तीच साफसफाई लावायची आणि अलर्टमध्ये मात्र मूळ मेसेज जसाच्या तसा दाखवायचा.

मेसेजच्या वेगावरून अलर्ट द्यायचा असेल तर संख्याशास्त्रातली एक जुनी युक्ती हाताशी आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या वॉल्टर शूहार्टने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना नियंत्रण-आलेखाची पहिली रूपरेषा दिली. त्या आलेखाचा रूढ नियम असा: सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरतात त्या मापाच्या) तिपटीहून दूर गेलं, तरच दखल घ्यायची. मेसेज एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील, तर प्रमाण विचलन म्हणजे सरासरीचं वर्गमूळ. मिनिटाला सरासरी १६ मेसेज, विचलन ४, म्हणून मर्यादा १६ अधिक १२, म्हणजे २८.

फक्त गप्पा अशा सुट्या सुट्या येत नाहीत. एका मेसेजला चार उत्तरं येतात, त्या उत्तरांना आणखी. अ‍ॅलन हॉक्स यांनी १९७१ मध्ये अशा स्वतःलाच चिथावणाऱ्या घटनांचं गणित मांडलं; भूकंपानंतरच्या धक्क्यांचा अभ्यास आज त्याच घराण्यातल्या सूत्रांनी होतो. एखादा फर्मास विनोद पडला की ग्रुपवर २८ ची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि त्यात गैर काहीच नसतं. म्हणून नुसत्या वेगावर भिस्त ठेवू नये. वेग वाढलाय, मजकूर तोच आहे आणि पाठवणारी खाती आजच आत आलेली आहेत, हे तिन्ही जुळलं तर तो हल्ला. अलर्ट २८ वर सुरू केला तर तो २७ वर बंद करू नये. वेग २० च्या खाली उतरून पाच मिनिटं तिथेच राहिला की मगच प्रकरण मिटलं म्हणावं. नाहीतर सीमेवर घुटमळणारा आकडा दर मिनिटाला नवा अलर्ट काढत राहतो.

हल्ल्यात पन्नास खाती घुसली तर पन्नास अलर्ट पाठवण्यात अर्थ नाही. एकच पाठवावा आणि त्यातला आकडा बदलत राहावा. टेलिग्रामवर तर याला पर्यायच नाही: बॉटला एका ग्रुपमध्ये मिनिटाला साधारण २० मेसेजच पाठवता येतात, त्यापुढे सर्व्हर ‘फार झालं’ म्हणून परत पाठवतो, तेही नेमकं गरजेच्या वेळी.

चांगला अलर्ट दिसतो असा: ‘११:४२. नवं खातं, ग्रुपमध्ये येऊन ६ मिनिटं. पहिलाच मेसेज, त्यात लिंक. हाच मजकूर १० मिनिटांत ४ खात्यांवरून. नियम ३.’ खाली मूळ मेसेज, त्याच्या आधीचे दोन-तीन मेसेज आणि तीन बटणं: डिलीट, म्यूट, काही गैर नाही. तिसरं बटण बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कोणता नियम किती वेळा उगाच ओरडतो याचा हिशोब त्यातून आपोआप जमतो, आणि पाचांत एकदाही खरा न ठरणारा नियम अलर्टमधून काढून लॉगमध्ये टाकता येतो.

बसवताना अडतं ते बहुधा साध्याच गोष्टींवर. टेलिग्रामचा बॉट मुळात ‘प्रायव्हसी मोड’मध्ये असतो, त्याला दिलेल्या आज्ञा आणि त्याला आलेले रिप्लाय सोडले तर ग्रुपमधलं फारसं काही त्याला दिसत नाही. तो मोड बंद करा किंवा बॉटला अ‍ॅडमिन करा. डिस्कॉर्ड या चॅट सेवेवर मेसेजचा मजकूर वाचायची वेगळी परवानगी लागते. साधा मेसेज टाकून नंतर तो बदलून लिंक घुसवणारे महाभाग असतात, म्हणून बदललेल्या मेसेजची सूचनाही बॉटने ऐकायला हवी.

आणि बॉट बंद पडला तर? टेलिग्राम न पोचलेल्या सूचना जास्तीत जास्त २४ तास सांभाळतं; त्यापेक्षा जास्त वेळ बॉट झोपला तर २४ तासांहून जुनं सगळं गेलं. मेलेला बॉट आणि शांत ग्रुप बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून बॉटने दर पाच मिनिटांनी दुसऱ्या एखाद्या मशीनला ‘आहे’ म्हणून कळवावं, आणि तीन हजेऱ्या चुकल्या की त्या मशीनने थेट ईमेल करावा, त्याच चॅटवर मेसेज टाकू नये. कारण बॉटचं नेटवर्क किंवा तो चॅटच बंद पडला असेल तर निरोपही तिथेच अडकेल. शिवाय आठवड्यातून एकदा चाचणीच्या ग्रुपवर कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकावं आणि अलर्ट येतो का ते पाहावं. हजेरी लागते म्हणजे प्रोग्राम चालू आहे एवढंच कळतं; ‘पैसे’ सापडतात की नाही, ते त्या वाक्यावरूनच कळेल.