ओगालालाचे पाणी आणि १९६५ची वजावट

अमेरिकेतल्या टेक्सासच्या पठाराखाली ओगालाला हा प्रचंड भूजलसाठा आहे. तिथे उपशाला मर्यादा घालायचा विषय निघाला की वाद लगेच मालकीहक्कावर येतो. बायसनची कत्तल, लाखो एकरांची कुरणे, १९३०च्या दशकातली धुळीची वादळे हे सर्वांना माहीत आहे. त्या काळी पवनचक्क्या गुरांच्या हौदापुरतेच पाणी ओढत. उपशाला जोर आला दुसऱ्या महायुद्धानंतर. भागात नैसर्गिक वायू मुबलक आणि स्वस्त, त्यावर पंपांची इंजिने रात्रंदिवस चालत. ज्वारी आणि मका वाढला, तशी गुरेही माळावरून मोठमोठ्या गोठ्यांत दावणीच्या चाऱ्यावर आली.

कायदा आड येत नव्हता. १९०४ साली रेल्वेच्या मोठ्या विहिरीमुळे शेजाऱ्याची घरगुती विहीर आटली, तरी न्यायालयाने भरपाई नाकारली होती. जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे.

मालकी मान्य झाल्यावर शेतकऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: तेल उपसणाऱ्यांना साठा घटतो म्हणून आयकरात वजावट मिळते, मग आम्हाला का नाही? करखात्याने विरोध केला. पण या पठारावर पाऊस जेमतेम, त्यातला खडकापर्यंत झिरपतो तो नगण्य. १९६५ साली अपील न्यायालयाने शेतकऱ्याच्या बाजूने कौल दिला. समजा, जमिनीच्या किमतीतले एकरी १०० डॉलर पाण्याचे आणि पाण्याचा थर २०० फुटांचा. वर्षात पातळी ४ फुटांनी खाली गेली, की एकरी २ डॉलर वजा. रक्कम किरकोळ दिसते, पण पाणी परत भरणार नाही हे सरकारदरबारी नोंदले गेले आणि त्यातून उपशाला लगाम नाही, सवलत निघाली. पाणी राखण्यासाठी स्थापन झालेल्या स्थानिक मंडळानेच या दाव्याला पाठबळ दिले होते, आणि दरवर्षीच्या घटीचे आकडेही तेच पुरवू लागले. याहून उफराटा कारभार शोधून सापडणार नाही.

१९७३ नंतर इंधन महागले, तेव्हा पंप आपोआप मंदावले. कायद्याला जे जमले नाही ते बिलाने केले. पुढे फवारे जमिनीलगत आले, पाण्याची नासाडी कमी झाली, पण वाचलेले पाणी बहुधा जास्त एकरांवर गेले.

याच साठ्यावरच्या कॅन्सस राज्यात १९४५ पासून पाण्याचा हक्क राज्याच्या परवान्याने मिळतो. तिथल्या एका भागाने २०१३ साली आपणहून पाच वर्षांत मिळून शेतावर ५५ इंच पाण्याची मर्यादा घालून घेतली. टेक्सासमध्ये मात्र २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल-वायूच्या कायद्याचा दाखला देत भूजल ही जागच्या जागी जमीनमालकाचीच मालमत्ता ठरवली. त्यामुळे उपसा अडवणाऱ्याला भरपाईचा दावा अंगावर घ्यावा लागू शकतो.