कर्ज हद्द ओलांडतं तेव्हा

शेजारच्या प्रदेशांमधले उद्योग एकमेकांशी जोडायला आर्थिक पाठबळ कितपत उपयोगी पडतं? अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत बँकांना राज्याची हद्द ओलांडणं जवळपास अशक्य होतं. मालाला कुणी अडवत नसे. पण शेजारच्या राज्यातली बँक विकत घ्यायची तर त्या राज्याच्या कायद्याने मुभा द्यावी लागे, आणि तशी मुभा कुठेच नव्हती. १९७८ मध्ये मेन राज्याने पहिल्यांदा दार उघडलं. मग बाकीची राज्यं एकेक करून, वेगवेगळ्या वर्षी तयार झाली. अर्थशास्त्रज्ञांना तुलनेची आयतीच सोय झाली. ज्या राज्यांनी एकमेकांच्या बँकांना वाव दिला, त्यांच्यातला व्यापार इतरांच्या मानाने वाढलेला आढळला.

बँकेचा आणि ट्रकमधल्या मालाचा काय संबंध? सुट्या भागांचा एखादा छोटा कारखाना घ्या. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या प्रदेशातला मोठा कारखाना. माल आज गेला, पैसे ९० दिवसांनी येणार. तोवर पगार, वीजबिल, कच्चा माल यांसाठी खेळतं भांडवल हवं. हद्दीपलीकडचं गिऱ्हाईक कितपत भरवशाचं आहे, हे स्थानिक बँकेला ठाऊक नसतं. म्हणून ती जास्त तारण मागते किंवा चढं व्याज लावते. मग कारखानदार जवळच्याच लहान ऑर्डरवर भागवतो. दोन्हीकडे शाखा असलेल्या बँकेकडे मात्र मोठ्या कारखान्याचे व्यवहार वर्षानुवर्षं नोंदलेले असतात. त्या कारखान्याच्या नावचं बिल वटवताना, म्हणजे ९० दिवसांनी येणारे पैसे आधीच देताना, ती फार कचरत नाही. माझ्या मते पाठबळातली ही माहिती रकमेपेक्षा मोलाची आहे.

नुसत्या रकमेने काय साधतं आणि काय नाही, हे इटलीत दिसलं. मागासलेल्या दक्षिणेसाठी तिथल्या सरकारने १९५० मध्ये ‘कासा पेर इल मेझ्झोजोर्नो’ हा निधी उभारला. रस्ते, पाणी, वीज यांत त्याने भरीव काम केलं. पुढे सरकारी पैशावर तारांतोच्या पोलाद कारखान्यासारखे अवजड प्रकल्पही दक्षिणेत आले, पण त्यांच्याभोवती पुरवठादारांचं जाळं फारसं विणलं गेलं नाही. ‘वाळवंटातली कॅथीड्रलं’ (भव्य चर्च) असं नाव त्यांना पडलं.

पैसा फक्त महामार्गात घातला तरी धोका आहेच. वाहतूक स्वस्त झाली की उद्योग मोठ्या बाजारपेठेभोवती गोळा होऊ शकतात, हे अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये गणिताने मांडलं. म्हणजे दुबळ्या प्रदेशासाठी बांधलेल्या रस्त्यावरूनच तिथला उद्योग निघून जाऊ शकतो.

शिवाय स्थानिक सरकारांचं हित असतं. कारखाना गेला की करही गेला, मग त्याला सुखासुखी कोण जाऊ देईल? चीनने यावर काढलेला तोडगा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. बीजिंग, थ्येनचिन आणि हबेई या लगतच्या प्रदेशांसाठी २०१५ मध्ये नियम झाला: मोठा कारखाना एका प्रदेशातून दुसऱ्यात गेला, तर ठरावीक करांचा स्थानिक हिस्सा काही वर्षं दोन्ही सरकारांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा. जुन्या जागेला मिळणाऱ्या रकमेवर कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढचा सगळा वाटा नव्या जागेचा.