ऑडिटमध्ये एनटीपीचा शेरा का येतो? सर्ट-इनच्या वेळेच्या नियमाची माहिती

सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं, सगळ्यांना लागू आहेत. लघुउद्योगांना मिळालेली वाढीव मुदतही २५ सप्टेंबर २०२२ ला संपली, त्यामुळे 'आम्ही लहान आहोत' हे कारण चालत नाही. यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यावरून वेळ घेणाऱ्या सर्व्हरशी जुळलेली हवीत. अनेक देशांत पसारा असेल तर दुसरा स्रोत चालतो, पण त्याची वेळ या दोघांपासून ढळता कामा नये.

वेळ जुळवण्यासाठी अर्ज नाही, फी नाही. संपर्क व्यक्तीची माहिती मात्र ठरलेल्या नमुन्यात सर्ट-इनला कळवावी लागते.

आपल्या नेटवर्कच्या आत एनटीपी सर्व्हर ठेवा, फायरवॉलमध्ये फक्त त्यांच्यासाठी यूडीपी १२३ पोर्ट (एनटीपीची वाट) उघडा, बाकी उपकरणं त्यांच्याकडे वळवा. एवढंच काम.

ऑडिटमध्ये अडतं ते पुराव्यावर. लोक कॉन्फिगरेशनचा स्क्रीनशॉट जोडतात. त्यात सर्व्हरचा पत्ता दिसतो, वेळ जुळली की नाही ते कळत नाही. त्याऐवजी 'एनटीपीक्यू -पी' (ntpq -p) या कमांडने येणारा तक्ता जोडा. निवडलेल्या सर्व्हरच्या आधी तारा हवा आणि 'रीच' (reach) या रकान्यात ३७७ हवा, म्हणजे मागचे आठही प्रयत्न लागले. रीच शून्यावरच अडकला असेल तर आधी फायरवॉल बघा. सिस्कोच्या नेटवर्क उपकरणांच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) उलट आहे: तारखेआधी तारा म्हणजे घड्याळ लावलेलंच नाही. जुन्या स्विचवर तिथे '१ मार्च' दिसतो, साल १९९३!

घड्याळातला फरक १००० सेकंदांहून जास्त असेल तर एनटीपीडी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) वेळ न लावता बंद पडतो. आधी हाताने वेळ लावा.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरकडे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राकडे) कुणी बघतच नाही. टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवून घड्याळात भारतीय वेळ भरलेली असते. एनटीपी चालू केलं की वेळ साडेपाच तास मागे जाते, मग 'एनटीपीने वेळ बिघडवली' म्हणून तेच बंद करतात. कृपया असं करू नका. एनटीपी यूटीसीच देतं; झोन +५:३० करा.

आणि सायबर हल्ल्यासारखी घटना सर्ट-इनला कळवायचे ६ तास ती लक्षात आल्यापासून मोजतात, चौकशी संपल्यापासून नाही. लॉग १८० दिवसांचे लागतात. स्विचच्या मेमरीतले लॉग रीस्टार्टला पुसले जातात, म्हणून ते आजच सिसलॉग सर्व्हरकडे (लॉग साठवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरकडे) पाठवायला लागा.