उशीर लाईनचा की सर्व्हरचा? पॅकेटमधून वेळ मोजण्याची पार्श्वभूमी

निपाणी असो, चिकोडी असो की खानापूर, उताऱ्यासाठी खिडकीपाशी उभे राहिले की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतेच. पण उशीर खरोखर सर्व्हरने केला की मधल्या लाईनने, हे त्यावरून कळत नाही, आणि तक्रार कोणाकडे न्यायची ते तर त्यावरच ठरते. नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, जाते; पकडून ठेवलेल्या अशा पॅकेटवर छोटी स्क्रिप्ट चालवली की याचा निवाडा पुराव्यानिशी करता येतो. सीमाभागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी ही हातोटी जरूर कमवावी, आणि तिची घडण कशी झाली तेही जाणून घ्यावे.

सुरुवात पिंगपासून. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हे साधन लिहिले. एक पॅकेट पाठवायचे आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. ते आजही उपयोगी आहे, पण पिंग स्वतःच्याच पॅकेटचा वेळ सांगते. आपला फॉर्म का अडकला, ते त्याला ठाऊक नसते.

खरे वळण आले ऑक्टोबर १९८६ मध्ये. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, पण त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पोच वेळेत आली नाही म्हणून संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत होते आणि आधीच तुंबलेली लाईन आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर उपाय शोधला. १९८८ साली जेकबसन यांनी तो मांडला, त्यात जाण्यायेण्याच्या वेळेची सरासरी तर होतीच, शिवाय ती किती वरखाली होते याचाही हिशेब होता. म्हणजे उशीर मोजणे ही टीसीपीची, पॅकेट पोहोचली की नाही हे पाहणाऱ्या नियमावलीची, स्वतःचीच गरज होती. स्क्रिप्ट तोच हिशेब बाहेरून पुन्हा मांडते.

तारेवरून काय जाते ते पाहण्यासाठी त्याच प्रयोगशाळेत जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडंप तयार केले. त्यातला पकडण्याचा भाग पुढे लिबपीकॅप म्हणून वेगळा झाला. पकडलेली पॅकेट ज्या फाईलमध्ये साठतात, तिच्यात प्रत्येक पॅकेटसोबत ते पकडल्याची वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदलेली असते. सगळी भिस्त या नोंदीवर. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांचे इथरियल हे पॅकेट उलगडून दाखवणारे साधन आले आणि २००६ पासून ते वायरशार्क झाले. त्याच्याच टीशार्क या कमांड लाईनवर चालणाऱ्या रूपामुळे हे आकडे थेट स्क्रिप्टच्या हाती येऊ लागले.

काम असे चालते. आपल्या संगणकावर पकडलेल्या फाईलमध्ये जोडणी मागणारे पहिले सिन पॅकेट आणि ती मान्य करणारे सिन-ॲक उत्तर यांतले अंतर म्हणजे लाईनचा वेळ. त्यानंतर मागणी गेल्यापासून उत्तराचा पहिला बाइट येईपर्यंतच्या वेळेतून हा लाईनचा वेळ वजा केला की जवळजवळ सर्व्हरचाच वेळ उरतो. पुन्हा पाठवलेली पॅकेट मात्र मोजणीतून वगळावी लागतात, कारण आलेली पोच पहिल्या प्रतीची की दुसऱ्या, हे सांगता येत नाही. फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ मध्येच हे दाखवून दिले होते.

आता आपल्याकडचा हिशेब. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बेळगाव ते बंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला किमान ५ मिलिसेकंद. निपाणीहून कोगनोळी ओलांडली की कागल, आणि कोल्हापूर अवघे ४० किलोमीटर. पण दूरसंचाराची मंडळे वेगळी आहेत. दोन कंपन्यांची जाळी बंगळुरूत किंवा मुंबईतच एकमेकांना भेटत असतील, तर शेजारच्या गावाला निघालेले पॅकेट आठशे-हजार किलोमीटर फिरून पोहोचते. म्हणून स्क्रिप्टने सरासरीआधी सर्वांत कमी वेळ काढावा. त्यावरून वाट किती लांबची असू शकते याचा अंदाज येतो. त्याच्या वर जे चढउतार दिसतात, ती बहुतेक रांगेतली गर्दी.

टीसीपीच्या जागी वापरता येणाऱ्या, २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या नियमावलीने पोचपावत्याही कूटबद्ध केल्या. मधे बसून मोजणाऱ्यासाठी त्यात जाण्यायेण्याच्या प्रत्येक फेरीगणिक उलटणारा एक स्पिन बिट ठेवला आहे, पण तो वापरायचा की नाही हे दोन्ही टोकांच्या मर्जीवर आहे.