ब्रेक सोडूनही गाडी का हलत नाही?

कर्करोगावरची ‘इम्युनोथेरपी’ म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवण्याचे औषध, असा समज सर्रास आढळतो. त्यामुळे औषध लागू पडले नाही की रुग्णाची प्रतिकारशक्तीच कमी पडली असावी, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात यातील ‘चेकपॉइंट रोधक’ औषधे सरसकट प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत, ती टी-पेशींना (बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) लागलेला ब्रेक सोडवतात. (प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चूर्णांचा तर या उपचाराशी काडीचाही संबंध नाही.) अशा ब्रेकपैकी टी-पेशीवरचा पीडी-१ हा ब्रेक जपानी संशोधक तासुकू होन्जो यांनी शोधला आणि २०१८ चे नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह मिळाले.

मग औषध काहींना लागू का पडत नाही, हे डोळ्याच्या एका कर्करोगाच्या उदाहरणातून पाहू. डोळ्याचा पांढरा भाग झाकणाऱ्या पातळ, पारदर्शक पडद्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. तिच्यात क्वचित होणाऱ्या मेलॅनोमाच्या (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) जनुकांत अतिनील किरणांच्या खुणा सापडतात आणि जनुकीयदृष्ट्या तो डोळ्याच्या आतील मेलॅनोमापेक्षा त्वचेच्या मेलॅनोमाला अधिक जवळचा असतो. साहजिकच त्वचेच्या मेलॅनोमावरची ही ब्रेक सोडवणारी औषधे येथेही वापरली गेली. काहींना गुण आला, काहींना आला नाही, तर काहींची गाठ ओसरून पुन्हा वाढली.

असे का होते, हे समजण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागाकडे पाहावे लागते. केंद्रक असलेली आपली जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एमएचसी-१ या रेणूच्या खाचेत बसवून बाहेर मांडते. त्यात बिघडलेला तुकडा दिसला की टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन हे निरोप्या प्रथिन सोडते. त्याचा निरोप जेएके-१ आणि जेएके-२ या विकरांमार्फत कर्कपेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. मग ती पेशी आणखी तुकडे मांडू लागते, पण त्याच निरोपामुळे पीडी-एल१ हे प्रथिनही तयार करते आणि त्याने टी-पेशीचा पीडी-१ हा ब्रेक दाबते. औषध नेमके हे दाबणे थांबवते. आता जेएके-१ निकामी झाले, तर ना तुकड्यांची मांडणी वाढते, ना पीडी-एल१. म्हणजे जो ब्रेक या वाटेने दाबलाच गेलेला नाही, तो सोडवून उपयोग काय? गाठीची दुसरी युक्ती याहून सरळ आहे: एमएचसी-१ ला आधार देणारे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन नाहीसे झाले की एमएचसी-१ पृष्ठभागावर टिकतच नाही आणि टी-पेशीला पाहण्यासारखे काही उरत नाही. मेलॅनोमा ओसरून पुन्हा वाढलेल्या ४ रुग्णांच्या २०१६ मधील अभ्यासात दोघांमध्ये जेएकेचा, तर एकामध्ये बीटा-२ चा बिघाड सापडला होता.

नेत्रश्लेष्मलेच्या स्क्वॅमस गाठींवर (आवरणाच्या चपट्या पेशींपासून होणाऱ्या गाठींवर) अल्फा इंटरफेरॉन या दुसऱ्या निरोप्या प्रथिनाचे थेंब देतात. त्यांचा निरोपही जेएके-१ मधूनच जातो, त्यामुळे तत्त्वतः जेएके-१ च्या एकाच बिघाडाने हे थेंब आणि ब्रेक सोडवणारी औषधे, दोन्ही उपचार बोथट होऊ शकतात. येथे एक सोय मात्र आहे: नेत्रश्लेष्मलेवरची गाठ, तिला रक्त पुरवणाऱ्या फुगीर लाल वाहिन्यांसकट, स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) थेट दिसते, आणि ती पुन्हा वाढू लागली तर तिचा नवा नमुना घेऊन नेमका कोणता दुवा तुटला आहे, हे तपासता येते.