कमानी पूल

दगडी किंवा विटांच्या कमानींवर रस्ता वा लोहमार्ग पेलणारा पूल. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. पाचरीच्या आकाराचे घडीव दगड गोलाईत बसवले, की वरचा भार दाबाच्या रूपाने एका दगडातून दुसऱ्यात उतरत टोकांशी पोचतो. तेथे तो खाली दाबतो तसाच बाहेरही रेटतो. हा रेटा अडवणारे काठावरचे आधार हलले, तर कमान फाकते.

कमानीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ग्रीसमधील आर्कादिको येथील पूल (इ. स. पू. सु. तेरावे शतक) पुष्कळदा आद्य कमानी पूल म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात दगडांचे आडवे थर थोडेथोडे पुढे काढून मध्यावर मिळवले आहेत. पाचरींची खरी कमान ती नव्हे. विटांच्या खऱ्या कमानी मेसोपोटेमियात रोमच्या कितीतरी आधी बांधल्या जात. म्हणून रोमनांना कमानीचे जनक न म्हणता, तिने मोठ्या नद्या ओलांडणारे म्हणणे अधिक सयुक्तिक. स्पेनमधील आल्कांताराचा पूल (सु. १०६) त्यांचाच. त्यांची कमान बहुधा अर्धवर्तुळाकार, त्यामुळे गाळा (दोन आधारांमधला भाग) वाढला की उंचीही वाढे. चीनमधील जाओजोऊ पुलात (सु. ६०५) सुमारे ३७ मी. गाळ्याला उंची जेमतेम ७ मी. आहे. मुख्य कमानीच्या खांद्यांवरील छोट्या कमानींनी वजन घटते आणि पुराला वाटही मिळते.

बांधताना पात्रात खांबाच्या जागेभोवती मेढी ठोकून बांध घालतात, पाणी उपसतात आणि खडक लागेपर्यंत खणतात. मग लाकडी ढोला (कमानीला तात्पुरता आधार देणारा साचा) उभारून त्यावर दोन्ही बाजूंनी सारखेच दगड चढवतात. एक बाजू पुढे गेली तर ढोला कलतो. माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. नंतर ढोला हळूहळू उतरवतात, तेव्हा माथा किंचित खाली बसतो. शेजारच्या गाळ्यांचे रेटे एकमेकांना तोलतात, हे हेरून फ्रेंच अभियंता पेरोने याने पॅरिसजवळील नयी येथील पुलाचे (१७६८–७४) खांब बारीक ठेवले. पात्र मोकळे झाले; मात्र अशा पुलाचा एक गाळा पडला, तर शेजारचेही धोक्यात येतात.

भारतात जौनपूरचा शाही पूल (सोळावे शतक) प्रसिद्ध आहे. महाडजवळचा सावित्रीवरील १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळून अनेकांचे प्राण गेले. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करून गाळ उपसते. वरची कमान शाबूत दिसत असतानाही पाया उघडा पडलेला असू शकतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर पाण्याखालच्या पायाची तपासणी अत्यावश्यक ठरते.